सरकीच्या नावानं जवारी

अकोला, २ ऑगस्ट १९६४

इंदू,

मामाजींना माझा जयभीम सांग. तुला काय लिहावं ते आठ दिवस ठरत नव्हतं, म्हणून आज न ठरवताच बसलो.

तू आपल्या लेकीला, मैनाला घेऊन गेल्यापासून शेजारच्या पार्बताबाईनं दोनदा विचारलं, "इंदू कवा येते?" मी सांगितलं, अमरावतीला तिच्या मायची तब्येत बरी नाही. तिला ते पटलं नसावं. पुढं काही न विचारता तिनं वरणाची वाटी ओट्यावर ठेवली आणि भिंतीपलीकडे जाऊन आपलं तुरीचं जातं ओढायला लागली.

जाताना तू म्हणालीस की मी तुझ्या बापाला, मामाजींना बुडवलं. हे मला मान्य नाही. सगळं पुन्हा मांडतो, तूच पाहा.

सत्तावन्नच्या जुलैत मामाजी गँगमनच्या नोकरीतून सुटले. फंडाचे अठराशे रुपये हाती आले आणि धामणगावचं रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागलं. अमरावतीला बडनेरा रोडवर एक प्लॉट साडेसतराशेला मिळत होता. मी तेव्हा नुकताच बँकेत गोदाम कीपर म्हणून लागलो होतो, आणि खरं सांगायचं तर त्या नोकरीची मला फार ऐट होती. मीच म्हणालो, प्लॉट घेतला तर घर कशानं बांधाल? पैसे आमच्या बँकेत सात वर्षं मुदतीनं ठेवा, चार टक्के मिळतील, मग प्लॉटही येईल आणि वर विटांपुरतं उरेल. मामाजींनी एकच विचारलं, "बुडन तं नाई ना?" मी म्हणालो, बुडणार नाही.

आणि बुडले नाहीत. मागच्या महिन्यात मुदत भरली. मॅनेजर भगवंतरावांनी मामाजींना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि तेवीसशे अडुसष्ट रुपये मोजून हातावर ठेवले. एक पैसा कमी नाही. मामाजींनी ते धोतराच्या सोग्यात बांधले आणि मला म्हणाले, "तुह्यानं माह्यं सोनं झालं." ते तू ऐकलं नव्हतंस, म्हणून लिहितो.

पुढच्या रविवारी आपण सगळे प्लॉट पाहायला गेलो ते तुला माहीत आहे. दलालानं सहा हजार सांगितले. मामाजींना वाटलं, तो दुसऱ्या कोणत्या जागेचं बोलतो आहे. त्यांनी पुन्हा बोट दाखवून विचारलं. तीच जागा. मग ते त्या बाभळीखाली बसले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "पैसे तं वाढले म्हन्तोस. मंग जागा काहून दूर गेली?"

मी गोदामाची पोती मोजतो. जागांचे भाव मी ठरवत नाही.

त्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं की जागा आता कोणाच्या नावावर आहे. मी म्हणालो, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी आपण अकोल्याला आलो, तू दोन दिवस बोलली नाहीस, आणि तिसऱ्या दिवशी गेलीस. एवढ्यासाठी घर सोडतात का?

रेशनला परवा पुन्हा अमेरिकेचा लाल गहू आला. दोन तास रांगेत होतो. त्याच्या पोळीला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. जवारी बाजारात दिसते, पण भाव ऐकून माणूस पुढं सरकतो.

उत्तर लिही.

धर्मपाल


अकोला, २३ ऑगस्ट १९६४

इंदू,

तीस रुपयांची मनिऑर्डर परत आली. पोस्टमननं सगळ्या गल्लीसमोर 'नाकारली' असं मोठ्यानं वाचून दाखवलं.

ठीक आहे. मग खरं लिहितो.

जागा कोणाची आहे ते मला माहीत होतं. खुशालरावांची. तेच खुशालराव, ज्यांची जवारी माझ्या गोदामात आहे. शंभर-दीडशे एकर काळी जमीन, एक जिनिंग आणि वर धान्याची अडत. एकोणसाठ साली त्यांनी बडनेरा रोडचे सहा प्लॉट एकदम घेतले, आमच्या बँकेतून कर्ज काढून. कागदाला दोन साक्षीदार लागत होते. एक बँकेचा शिपाई होता, दुसरा मी. त्या कागदावर माझी सही आहे. प्लॉटचा नंबर वाचला तेव्हा ओळखीचा वाटला, आणि तरी मी सही केली. घरी आल्यावर तुला सांगितलं नाही, कारण मला वाटलं, अजून पुष्कळ जागा आहेत, मामाजींना दुसरी मिळेल.

बँकेत त्या साली पैसे कोणाचे होते? मामाजींचे होते, त्यांच्यासारख्या शेदोनशे माणसांचे होते. मामाजींनी ठेवले ते अठराशे उचलूनच मामाजींची जागा घेतली गेली. हे मी गेले पंधरा दिवस रोज मनात फिरवतो आहे.

मी भगवंतरावांना विचारलं. ते चिडले नाहीत. पान लावता लावता एखाद्या मास्तरासारखे सांगायला लागले.

"यात लपवण्यासारखं काय आहे, धर्मपाल? तुमच्या सासऱ्यांनी ठेवले, खुशालरावांनी उचलले. बँक म्हणजे आणखी काय असते?"

"पण सासऱ्यांचे पैसे वाढूनही कमी झाले, साहेब."

"ते होणारच. सरकारला धरणं बांधायची, कारखाने काढायचे. करातून भागत नाही. मग रिझर्व्ह बँक सरकारला नव्या नोटा पुरवते. नोटा वाढल्या, माल तेवढाच राहिला. नोट हलकी झाली."

"कोणासाठी हलकी?"

"जो ती जपून ठेवतो त्याच्यासाठी." त्यांनी चुना बोटानं पुसला. "ज्याला ती परत फेडायची आहे, त्याला तर सोयीचंच आहे. खुशालरावांनी एकोणसाठ साली घेतलेलं कर्ज आज दोनच प्लॉट विकून फिटेल. बाकीचे चार फुकटात पडले."

"मग मलाही कर्ज द्या."

ते हसले. "तारण काय देणार?"

इंदू, मी तेव्हापासून बाजार त्याच नजरेनं पाहतो. नत्थुजी हमालाला पाच वर्षांपूर्वी पोत्यामागे सहा पैसे मिळत होते, आज आठ मिळतात. तेवढ्यात जवारी किती पुढं गेली ते तू जाणतेस. माझा महागाई भत्ता दरवेळी महागाईच्या सहा महिने मागून येतो. नवी नोट आधी ज्याच्या हातात पडते, तो जुन्या भावात जमीन घेतो, जवारी घेतो. फिरत फिरत ती नत्थुजीच्या हातात येईतो भाव बदललेला असतो. ज्याच्याजवळ वस्तू आहे तो बसल्या जागी वर जातो. ज्याच्याजवळ नोटा आहेत तो बसल्या जागी खाली येतो. त्यात कोणाला चोर म्हणून धरता येत नाही, याचीच मला जास्त किळस येते.

गोदामाबद्दल मी तुला कधी धड सांगितलं नाही. आत चौदाशे बारा पोती जवारी आहे. मागच्या वर्षी अडतीस रुपये क्विंटलनं घेतलेली. बँकेनं तिच्यावर पैसे दिले, बाहेर बँकेचं कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. बँक आठ टक्के घेते. भाव मात्र एका वर्षात अडतीसचा त्रेसष्ट झाला. खुशालराव घरी बसून आहेत. त्यांना काहीच करावं लागत नाही, फक्त विकायचं नाही. आतल्या पोत्यांना घाम येतो, खालच्या थरात पोरकिडे झालेत, मी दर शनिवारी औषध मारतो आणि मोजतो. हात लावला तर दाणे गरम लागतात. आणि बाहेर येऊन मी लाल गव्हाच्या रांगेत उभा राहतो.

त्यातली एक मूठही मी घरी आणली नाही, हे तुला माहीत आहे. आता मला ते फार मोठं वाटत नाही.

मामाजींना साक्षीचं सांगू नकोस. मी केव्हातरी सांगेन.

धर्मपाल


अकोला, ५ ऑक्टोबर १९६४

इंदू,

तुझं पत्र नाही. मैनाला ताप आला होता असं बडनेऱ्याहून आलेल्या एका माणसानं सांगितलं. उतरला का, एवढं तरी कळव.

इथं एक झालं. रिझर्व्ह बँकेनं व्याजाचा दर वाढवला आणि परिपत्रक पाठवलं की धान्यावरची कर्जं आटोक्यात आणा, व्यापारी बँकेच्या पैशावर माल दाबून ठेवतात त्यानं भाव चढतात. मी ते दोनदा वाचलं. मला इतका आनंद झाला की नत्थुजीला चहा पाजला. म्हटलं, वर कोणाला तरी दिसतं आहे.

भगवंतरावांनी दुसऱ्या दिवशी खातेवही काढली. खुशालरावांचं नाव वरच होतं, त्यावरून त्यांचं बोट तसंच खाली सरकलं. ज्यांची कर्जं पाचशेच्या आत होती अशा एकोणीस माणसांना नोटिसा गेल्या. तीन दिवसांत भरा. त्यात एक शिंपी आहे, एक टांगेवाला आहे, आणि पार्बताबाई आहे.

पार्बताबाईचं कर्ज तीनशे रुपये. सोन्याच्या दोन पाटल्या ठेवून घेतलेलं. हंगामात तूर स्वस्त असते तेव्हा घ्यायची, वर्षभर जात्यावर भरडून डाळ विकायची, असा तिचा धंदा. एक हप्ता तिनं चुकवलेला नाही. मी स्वतः भगवंतरावांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "चांगल्या आहेत म्हणूनच भरतील. परिपत्रकात कर्जं कमी करा म्हटलं आहे, आपण कमी केली. कोणाची ते त्यांनी विचारलेलं नाही."

नोटीस तिला मीच वाचून दाखवली. तिनं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "माह्या तीनशानं महागाई येऊन राहिली का?"

तिला तीनशे जमले नाहीत. दोन दिवस ती भावाकडे आणि सावकाराकडे फिरली. सावकारानं महिन्याला शेकडा तीन सांगितले. शेवटी पाटल्या बँकेनं विकल्या आणि कर्ज वळतं करून उरलेले पैसे पाकिटात घालून तिला दिले. काल तिनं किराणा दुकानातून शेरभर तूरडाळ आणली, विकायला नाही, खायला. जातं बंद आहे. सकाळी त्याच्या आवाजानं आपल्याला जाग यायची ना, आता मला येत नाही.

आणि जवारी? जवारीवर कर्ज नको म्हटलं आहे, सरकीवर नको असं म्हटलेलं नाही. भगवंतरावांनी तारण मालाचा नवा तक्ता केला. त्यात माझ्या गोदामात चौदाशे बारा पोती सरकी आहे. खाली गोदाम कीपरच्या सहीची जागा मोकळी आहे.

मी म्हणालो, साहेब, पोतं उघडलं तर आंधळ्यालाही कळेल. ते म्हणाले, पोतं कोण उघडतो?

मी विचार करायला दोन दिवस मागितले आहेत.

धर्मपाल


अकोला, ८ नोव्हेंबर १९६४

इंदू,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. दोन दिवस मी मागितले नव्हते. त्या दुपारीच सही केली होती. सही करून घरी आलो, हात धुतले, आणि तुला पत्र लिहायला बसलो. तुला वाचताना मी बरा दिसावा म्हणून ते वाक्य घातलं.

आता पुढचं, आणि यात काही वगळत नाही.

ऑक्टोबरच्या मध्यात रिझर्व्ह बँकेचे तपासणी अधिकारी आले. पुण्याकडचे, पन्नाशीचे, दम्याचा त्रास असलेले. दोन दिवस त्यांनी वह्या पाहिल्या. तिसऱ्या दिवशी गोदाम पाहायचं म्हणाले. भगवंतराव म्हणाले, आत धूळ आहे, तुम्हाला सोसणार नाही, बाहेरूनच कुलूप पाहून घ्या. ते थोडा वेळ दारात उभे राहिले. मला वाटलं, परत फिरतील. मला तेच हवंही होतं.

पण भिंतीपलीकडचं ते बंद जातं माझ्या डोक्यात बसलं होतं. मी किल्ली काढली आणि दार उघडलं. नमुना काढायची लोखंडी पारखी पोत्यात खुपसली आणि त्यांच्यापुढं धरली. पांढरी टपोरी जवारी त्यांच्या तळहातावर पडली, तिच्यात दोन पोरकिडे चालत होते.

"ही सरकी?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब, जवारी आहे. चौदाशे बारा पोती."

"तक्त्यावर सही तुमची आहे."

"माझीच. ती खोटी आहे."

त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "शिक्षा पहिली तुम्हाला होईल. कळतं ना?"

"कळतं."

भगवंतराव तोवर बाहेर निघून गेले होते.

बँकेला हुकूम झाला, आठवड्यात खुशालरावांकडून वसुली करा. त्यांना माल काढावा लागला. चोवीस तारखेला ट्रक लागले. नत्थुजी आणि त्याची माणसं दोन दिवस पोती वाहत होती. मी दारात उभा राहून मोजत होतो आणि मनात म्हणत होतो, आता ही बाजारात जाईल, भाव उतरतील, पार्बताबाई भाकर खाईल.

माल मुंबईच्या व्यापाऱ्यानं उचलला, अठ्ठ्याहत्तरच्या भावानं. अडतीसची जवारी. त्यातून बँकेचं मुद्दल गेलं, व्याज गेलं, आणि खुशालरावांच्या हातात निव्वळ पन्नास हजारांच्या वर उरले.

शेवटचा ट्रक भरला तेव्हा ते स्वतः आले. सात वर्षांत त्या माणसानं माझ्या हातातून कागद घेतला नव्हता. टेबलावर ठेवायला लावायचे, मग उचलायचे. त्या दिवशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं केलं, धर्मपाल," ते म्हणाले. "मी तं दिवाळी होऊ देणार होतो. आता आयकतो, सरकार जवारी सोता घेऊन राह्यलं, भाव बांधून. थांबलो असतो तं फसलो असतो. तुह्यामुळं वेळेवर निघाली."

मी त्यांचा हात झटकला नाही. मला झटकता आला नाही. ते गेल्यावर गोदामाच्या मागे जाऊन सदरा काढला आणि खांदा घासत बसलो. नत्थुजीनं पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "धुळीनं होते कधी कधी."

बँकेत पेढे आले. खुशालरावांनी पाठवले होते. भगवंतरावांची बदली झाली, नागपूरच्या मोठ्या शाखेत, पगार वाढून. त्यांनी चौकशीत सांगितलं की तक्ता गोदाम कीपरनं भरून आणला आणि त्यांनी विश्वासानं पुढं पाठवला. सही माझी आहे, अक्षर त्यांच्या कारकुनाचं आहे, पण अक्षराकडे कोणी पाहिलं नाही. मला एक तारखेपासून कामावरून काढलं. किल्ली परत घेताना पावती दिली.

पार्बताबाईच्या पाटल्या कुठं गेल्या तेही लिहितो. त्या विकत घेणाऱ्या सोनारानं सांगितलं, खुशालरावांच्या घरून लग्नासाठी सोनं हवं होतं, त्यात गेल्या.

मी सत्य बोललो तर काहीतरी सरळ होईल असं मला वाटलं होतं. तसं लहानपणापासून वाटत आलं. आता माझ्याजवळ चाळीस रुपये आहेत आणि तुझा जवारीचा रिकामा डबा आहे. नत्थुजी म्हणतो, कापूस मार्केटात काटा करायला, वजन घ्यायला माणूस पाहिजे. उद्या जाऊन पाहतो.

तुला ये म्हणायला मला तोंड नाही. मामाजींना मात्र आता सांग, साक्षीचंसुद्धा.

धर्मपाल


अमरावती, १९ नोव्हेंबर १९६४

मैनाच्या बाबाले,

मी सहावी शिकलेली, तुमच्यासारखं लिवता येत नाई. जसं बोलतो तसंच लिवतो.

मैना बरी हाये.

पहिले हे समजून घ्या का तुमचं एक बी पत्र म्या एकटीनं वाचलं नाई. पोस्टमन आला का बाबा म्हन्तात, "वाच." दोन खोल्यायचं घर, लपवू कुठं? साक्षीचं सांगू नको म्हनून तुमी लिवलं, थे बी म्या मोठ्यानंच वाचलं. वाचता वाचता कळलं, पन तवर तोंडातून निंगून गेलं होतं.

बाबा तुमच्यावर रागावले नाई. मंग म्हनाले, "थे पुन्हा वाच, वस्तूवाला वर जाते अन् नोटावाला खाली येते, थे." म्या वाचलं. तिसऱ्यांदा बी वाचाले लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी थे सोग्यात पैसे बांधून बजारात गेले अन् अठरा पोते जवारी घेऊन आले. चौसष्टच्या भावानं.

मायनं विचारलं, "एवढी कोन खाईन?"

बाबा म्हनाले, "खायाची नाई. ठेवाची हाये."

तुमी अकोल्याले बसून शिसारी आली म्हनून लिवत होते, अन् बाबा इथं त्यातून धंदा शिकून राह्यले होते. पोते दोनी खोल्यायत रचले. वर गोधड्या टाकून आमी त्याच्यावरच झोपत होतो. मैनाच्या अंगाले कीड चावे. बाबा रोज बजारात जाऊन भाव इचारून येत. सत्तर झाला. पंचाहत्तर झाला. घरी येऊन थे हसत नसत, पन भाकर जास्त खात. एकतीस वर्सं रूळ तपासत पायी चाललेला मानूस, कोनाचा खिळा त्यानं उचलला नाई. थो मले म्हने, "मी कोनाचं चोरून राह्यलो का? माह्याशी जे झालं थेच मी करतो."

म्या त्यायले भाकर वाढली. प्लॉट त्यायचा गेला होता, माह्या नवऱ्याच्या शब्दावर.

दिवाळीच्या चार दिवस आधी बजारातून जवारी गायब झाली. पलीकडची चतुराबाई आली. तिचा मालक गिट्टी फोडाले जाते, तीन लेकरं हायेत. टोपलं घेऊन आली अन् म्हने, "इंदू, दोन पायल्या दे. पैसे आनले हाये, उधार नाई मागत." मी तवा भाकरी थापत होतो. हाताले पीठ होतं. म्या म्हटलं, "बाई, आमच्याच घरी नाई."

तिनं माह्या हाताकडं पाह्यलं. मंग टोपलं उचललं अन् गेली.

जुलै महिन्यात बाबानं तुमाले विचारलं होतं, जागा कोनाची, अन् तुमी ताटाकडं पाहून माहीत नाई म्हटलं होतं. मी तवा तुमच्या तोंडाकडंच पाहून होतो. खोटं बोलून राह्यले हे मले समजलं. मी घर सोडलं थे प्लॉटसाठी नाई. ज्या मानसाच्या बाजूला बसून जेवता त्यालेच तोंडावर फसवता, हे मले पाहवलं नाई. अन् आता चतुराबाईपुढं माह्यं तोंड बी तसंच झालं होतं. मले माही एवढी किळस आली का थापलेली भाकर तव्यावर टाकवली नाई.

दिवाळी झाली अन् बाबा धामनगावले गेले, भावकीत मयत झाली होती. तीन दिवस. पहिल्याच दिवशी म्या पोत्याची शिवन उसवली अन् चतुराबाईले बलावलं. तिले म्हटलं, "त्या दिवशी मी खोटं बोललो. घेऊन जा." ती म्हने, "काय भावानं?" म्या म्हटलं, "घेतली त्या भावानं, चौसष्ट." तिनं गल्लीत सांगतलं. मंग बाया आल्या, कोनी दोन पायल्या, कोनी चार, दोघी-तिघी मिळून एक पोतं घेत. मायनं पहिल्या दिवशी मले शिव्या देल्या. दुसऱ्या दिवशी तिनंच पायली हातात घेतली, काहून का माह्यं मोजमाप चुकून राह्यलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन पोते घरासाठी ठेवले, बाकी सरले. घरात जमीन दिसाले लागली.

बाबा आले. दारातूनच त्यायले समजलं. म्या पैसे त्यायच्यापुढं ठेवले. एक हजार चोवीस. नोटा होत्या, चिल्लर होती, एका बाईनं जुने आने बी आनले होते. त्यायनं हात लावला नाई. म्हनाले, "तू मले पुन्हा नोटाच आनून देल्या."

ओरडले असते तं बरं वाटलं असतं. ओरडले नाई. चार दिवस माह्याशी बोलले नाई. चतुराबाईनं जवारीच्या कन्या शिजवून आनून देल्या, थ्या बी खाल्ल्या नाई.

म्या केलं थे बरं केलं का, मले अजून सांगता येत नाई. गल्लीतल्या बाया पंधरा-वीस दिवस भाकर खातीन. मंग पुन्हा लाल गहू. खुशालरावाले तुमच्या खरं बोलन्यानं फायदा झाला. माह्या खरं बोलन्यानं बाबाचं नुकसान झालं. म्हातारे मानूस हायेत, अजून भाड्याच्या घरात हायेत, घरमालकानं दिवाळीपासून दोन रुपये वाढवले. त्याले बी महागाई झाली म्हने.

काल रात्री जेवताना बाबा बोलले. म्या उचलून कोनाड्यात ठेवलेले पैसे अजून तिथंच हायेत. मले म्हने, "धर्मपालले लिही. सात वर्सं बँकेत होता. इचार त्याले, म्या हे आता कुठं ठेवू?"

मी त्यायच्या तोंडाकडं पाहत राह्यलो. मी पोस्टात म्हनू का बँकेत म्हनू का मातीत गाडा म्हनू?

मनिऑर्डर पाठवू नका. पत्र बी पाठवू नका. तुमाले उत्तर येत असंन तं इथं येऊन त्यायच्यापुढं बसून सांगा. येत नसंन तं येत नाई असं सांगा, पन ताटाकडं पाहून नाई, त्यायच्याकडं पाहून.

इंदू